खडतर वाटांवरील मोटारसायकल : क्लच, गियरिंग आणि चेनविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगडच्या दक्षिण भागापासून सावंतवाडी-दोडामार्गापर्यंत कच्च्या वाटांवर मोटारसायकल चालवणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. आंब्या-काजूच्या बागेत रोज जाणारी १०० ते १५० सीसीची साधी गाडी आणि मुद्दाम कच्च्या रस्त्यांसाठी घेतलेली एक्सपल्स किंवा हिमालयन, अशा दोन्ही गाड्या डोळ्यांसमोर ठेवून उत्तरे लिहिली आहेत. आमच्या पाहण्यात कोकणात जळणारे बहुतेक क्लच प्लेटांच्या दर्जामुळे जळत नाहीत. लिव्हरला पुरेशी ढील (क्लच सुटू लागण्याआधी लिव्हर जेवढा मोकळा सरकतो ते अंतर) नसते, किंवा पहिला गियर त्या चढाला पुरत नाही आणि चालक ती उणीव क्लच घसरवून भरून काढतो. म्हणून क्लच, स्प्रॉकेट (चेन ज्यावर फिरते ते दातेरी चाक) आणि चेन यांचा विचार येथे एकत्रच केला आहे. ढील, ताण आणि मापे यांचे नेमके आकडे प्रत्येक मॉडेलला वेगळे असतात. गाडीसोबतच्या पुस्तिकेतील आकडा आणि येथील आकडा यांत फरक पडल्यास पुस्तिकेतील आकडा ग्राह्य मानावा.

१. डांबरी रस्त्यावर वर्षानुवर्षे टिकणारा क्लच कच्च्या वाटेवर इतक्या लवकर का जातो?

आजच्या बहुतेक मोटारसायकलींत क्लच इंजिन ऑइलमध्ये बुडालेला असतो. त्यात घर्षणाचा थर असलेल्या प्लेटा आणि साध्या पोलादी प्लेटा एकाआड एक बसवलेल्या असतात आणि स्प्रिंगा त्यांना एकमेकींवर दाबून धरतात. लिव्हर ओढला की दाब सुटतो, सोडला की प्लेटा पुन्हा एकत्र फिरू लागतात. यांच्या मधल्या अवस्थेत प्लेटा एकमेकींवर घसरतात आणि इंजिनाची काही ताकद उष्णतेत जाते.

सपाट रस्त्यावर गाडी उचलताना ही अवस्था एक-दोन सेकंद टिकते आणि निर्माण झालेली उष्णता ऑइल वाहून नेते. पाखाडीवर (दगडी पायऱ्यांच्या वाटेवर) किंवा झिजलेल्या जांभ्याच्या चढावर गणित बदलते. चढ ओढण्यासाठी इंजिनाला जेवढे फेरे लागतात, तेवढ्या फेऱ्यांवर १५० ते २०० सीसीची गाडी पहिल्या गियरमध्ये साधारण ताशी १० किलोमीटरने चालते. वाट मात्र माणसाच्या चालीने, म्हणजे ताशी ४-५ किलोमीटरनेच जाऊ देते. हा फरक सतत क्लचवर पडतो. पाच मिनिटे असे चालले की ऑइलला उष्णता काढून नेणे जमत नाही, घर्षणाचा थर करपू लागतो आणि पोलादी प्लेटा निळसर पडून वाकतात.

२. क्लच लिव्हरला ढील किती ठेवावी आणि ती कशी मोजावी?

लिव्हरच्या टोकाशी साधारण १० ते २० मिलिमीटर ढील बहुतेक गाड्यांना चालते. इंजिन पूर्ण थंड असताना लिव्हर एका बोटाने हलकेच ओढावा. सुरुवातीला तो जवळजवळ विनाप्रयास येतो आणि मग स्प्रिंगांचा विरोध हाताला स्पष्ट जाणवतो. त्या बिंदूपर्यंत टोक किती सरकले, ते पट्टीने मोजावे. त्यानंतर हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून तेच माप पुन्हा घ्यावे. हँडल वळवल्यावर ढील कमी होत असेल, तर क्लच वायर कोठेतरी ताणली जात आहे. अशा वेळी ॲडजस्टर फिरवत बसण्याऐवजी वायरचा मार्ग सुधारावा.

ढील शून्य ठेवल्यास क्लच पकडतो असे वाटते, परंतु प्रत्यक्षात प्लेटांवरचा दाब थोडा सुटलेलाच राहतो आणि क्लच नकळत घसरत जातो. प्लेटा झिजत जातात तशी ढील कमी होते, आणि वायर लांबते तशी ती वाढते. म्हणून दर काही आठवड्यांनी, आणि पावसाळ्यात अधिक वेळा, हे माप घेण्याची सवय ठेवावी.

मोठी दुरुस्ती इंजिनाकडच्या ॲडजस्टरवर करावी आणि लिव्हरकडचा ॲडजस्टर मधल्या आट्यांवर ठेवावा, म्हणजे वाटेत गरज पडल्यास पान्याशिवाय दोन्ही दिशांना फिरवता येतो. लिव्हरच्या ॲडजस्टरला वायर घालण्यासाठी जी खाच असते, ती आकाशाकडे तोंड करून ठेवू नये. आपल्याकडच्या पावसात त्या खाचेतून पाणी थेट वायरच्या आवरणात उतरते.

३. क्लच घसरतो आहे की सुटत नाही, हे कसे ओळखावे?

ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांचे उपायही उलट आहेत.

घसरणारा क्लच ओळखण्यासाठी मोकळ्या रस्त्यावर, शक्यतो हलक्या चढावर, तिसऱ्या किंवा चौथ्या गियरमध्ये मध्यम वेगाने जाताना ॲक्सिलेटर पूर्ण उघडावा. इंजिनाचा आवाज चढला आणि वेग मात्र त्या प्रमाणात वाढला नाही, तर क्लच घसरतो आहे. याची कारणे तपासण्याचा क्रम असा ठेवावा : आधी ढील, मग ऑइल, त्यानंतर प्लेटा आणि स्प्रिंगा. प्रत्यक्षात अनेक जण उलट क्रमाने जातात आणि ढील नसल्यामुळे घसरणाऱ्या क्लचमध्ये नव्या प्लेटा घालून त्याही जाळतात.

न सुटणारा क्लच लिव्हर पूर्ण ओढूनही गाडी पुढे ढकलतो, उभ्या गाडीत न्यूट्रल सापडू देत नाही आणि पहिला गियर पडताना मोठा आवाज करतो. थंड गाडीत पहिला गियर टाकताना एकदा होणारा 'खट्ट' हा आवाज दोष नव्हे. थंड, घट्ट ऑइलमुळे प्लेटा चिकटून राहतात आणि गाडी तापल्यावर तो नाहीसा होतो. तापल्यानंतरच हे दुखणे सुरू होत असेल, तर प्रश्न ६ पाहावा.

४. कोणते ऑइल घालावे? गाडी कच्च्या रस्त्यावर जाते म्हणून जाड ऑइल घालणे योग्य आहे का?

उत्पादकाने सांगितलेल्या ग्रेडचेच ऑइल घालावे आणि डब्यावर 'जासो एमए' किंवा 'जासो एमए२' हे मानक लिहिलेले आहे याची खात्री करावी. हे मानक ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचसाठी आहे. 'जासो एमबी' हे ऑइल स्कूटरसारख्या कोरड्या क्लचच्या वाहनांसाठी असते, आणि इंधनबचतीची जाहिरात करणाऱ्या काही मोटारींच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात. या दोन्हींमुळे मोटारसायकलचा क्लच घसरू शकतो. त्याच कारणाने बाहेरून मिळणारी, 'इंजिन गुळगुळीत करणारी' म्हणून विकली जाणारी द्रव्ये ऑइलमध्ये मिसळू नयेत.

जाड ऑइलने क्लचचे संरक्षण होत नाही; उलट थंड इंजिनात प्लेटा अधिक चिकटतात. ऑइल वेळेआधी बदलणे मात्र निश्चित उपयोगी आहे. क्लचमधून झिजलेली सारी भुकटी त्याच ऑइलमध्ये फिरत असते. काढलेल्या ऑइलला करपल्याचा उग्र वास असेल आणि त्यात काळी बारीक पूड दिसत असेल, तर तो क्लचने दिलेला इशारा समजावा.

५. चढावर हाफ क्लच न वापरता गाडी चढवणे शक्यच होत नाही. मग वापरावा तरी किती?

खडतर वाटेवर हाफ क्लच, म्हणजे लिव्हर अर्धवट सोडून प्लेटा घसरत ठेवणे, टाळता येत नाही आणि टाळण्याचा हट्टही धरू नये. तो तुकड्यातुकड्यांत वापरावा. अडथळ्याआधी क्लच घसरवून वेग आवरावा, अडथळा पार होताच लिव्हर पूर्ण सोडावा आणि पुढच्या दहा-वीस फुटांत प्लेटांना पूर्ण पकडीत राहू द्यावे. दोन बोटे लिव्हरवर ठेवून चालवण्यास हरकत नाही. त्या बोटांचा नकळत भार लिव्हरवर पडत असेल, तर मात्र क्लच संपूर्ण प्रवासभर अर्धवट सुटलेला राहतो.

पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरते. तेथे पहिल्या गियरमध्ये जोर दिला की मागचे चाक जागीच फिरते आणि घाबरून आपण क्लचवर खेळू लागतो. अशा चढावर शक्य असेल तेथे दुसऱ्या गियरमध्ये, कमी फेऱ्यांवर, एकसारख्या गतीने जाणे चाकालाही पकड देते आणि क्लचलाही वाचवते. चिखलात चाक रुतले आणि दोन-तीन प्रयत्नांत निघाले नाही, तर उतरावे, इंजिन पूर्ण बंद करावे, चाकापुढचा गाळ हाताने काढावा, झावळ्या किंवा दगड घालावेत आणि मगच पुन्हा प्रयत्न करावा. मागून कोणी ढकलत असताना पूर्ण ॲक्सिलेटर आणि हाफ क्लच देणे हा क्लच जाळण्याचा सर्वांत जलद मार्ग आहे.

प्रत्येक चढावर हीच कसरत करावी लागत असेल, तर दोष हातात नाही, गियरिंगमध्ये आहे. त्यासाठी प्रश्न ८ पाहावा.

६. लांब चढानंतर लिव्हर एकदम सैल होतो आणि न्यूट्रल लागत नाही. तेव्हाच वायर ताणून घ्यावी का?

नाही. हा प्रश्न वारंवार येतो आणि याचे चुकीचे उत्तर फार महाग पडते. क्लच तापला की प्लेटा फुगून त्यांच्या थराची एकूण जाडी वाढते. त्यामुळे लिव्हरची ढील वाढते आणि लिव्हर पूर्ण ओढूनही प्लेटा पुरेशा सुटत नाहीत. त्या अवस्थेत ॲडजस्टर फिरवून वायर ताणली, तर तात्पुरते बरे वाटते. पुढे गाडी सावलीत उभी राहते, प्लेटा थंड होऊन आक्रसतात आणि आता ढील शून्य झालेली असते. पुढच्या चढावर क्लच घसरतो, घसरल्याने आणखी तापतो, आणि संध्याकाळपर्यंत प्लेटा संपलेल्या असतात.

योग्य उपाय म्हणजे थांबणे. इंजिन बंद करून पंधरा-वीस मिनिटे गाडी वाऱ्याला उभी करावी. लिव्हर आपोआप पूर्ववत होतो. जंगलात थांबणे अशक्य असेल आणि ॲडजस्टर फिरवावाच लागला, तर किती आटे फिरवले ते मोजून ठेवावे आणि गाडी थंड होताच तेवढेच उलट फिरवावे. थंड झाल्यावरही लिव्हर सैलच राहिला, तर वायर तुटत आली आहे का ते पाहावे.

७. खाऱ्या हवेत क्लच वायर वर्षभरही टिकत नाही. काय करावे? आणि वाटेत तुटली तर घरी कसे यावे?

हर्णै, देवगड, मालवण अशा बंदरांजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत, तसेच दाभोळ-धोपावे किंवा वेश्वी-बागमांडला अशा फेरीबोटींवरून नेहमी ये-जा करणाऱ्या गाड्यांत, वायरच्या उघड्या टोकांवर मीठ बसते. गंज बहुधा लिव्हरकडच्या शिशाच्या गोळीपासून सुरू होतो. लिव्हर ओढताना खरखर जाणवू लागली, की रबरी टोपी मागे सारून उजेडात ते टोक पाहावे. पिळातील एखादी तार तुटून वर आलेली दिसली, तर ती वायर पुढच्या प्रवासावर नेऊ नये. लिव्हरच्या भोकात गोळी मोकळी फिरते ना, हेही पाहावे. ती अडकली तर तारा प्रत्येक वेळी त्याच जागी वाकतात आणि तेथेच तुटतात.

आतून प्लास्टिकचे अस्तर असलेल्या वायरमध्ये जाड ग्रीस भरू नये. ते माती धरून ठेवते. अशा वायरला पातळ ऑइलचे काही थेंब पुरतात. टोकांना आणि ॲडजस्टरच्या आट्यांना मात्र ग्रीस अवश्य लावावे, कारण ॲल्युमिनियमचा ॲडजस्टर खाऱ्या हवेत जाम होतो आणि नेमक्या गरजेच्या वेळी फिरत नाही.

दूरच्या वाटेवर जाणाऱ्यांनी नवी वायर जुन्या वायरला समांतर घालून, दोन्ही टोके झाकून, आधीच बांधून ठेवावी. वायर तुटली की केवळ टोके बदलायची राहतात. हे केलेले नसेल, तर सपाटीवर किंवा उतारावर न्यूट्रलमध्ये इंजिन सुरू करून गाडीला थोडी ढकलगती द्यावी आणि पहिला गियर टाकावा. पुढचे गियर, ॲक्सिलेटर क्षणभर सोडून गियर लिव्हरवर हलका दाब दिल्यास, क्लचशिवाय पडतात. गर्दीच्या रस्त्यावर हा प्रयोग करू नये.

८. चढासाठी स्प्रॉकेट बदलावे का? पुढचे एक दात कमी करावे की मागचे वाढवावे?

गाडीचा बहुतेक वापर पाणंद, बाग, सडा आणि घाटवाट असा असेल, तर स्प्रॉकेट बदलणे हा क्लच वाचवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. मागच्या दातांना पुढच्या दातांनी भागले की गुणोत्तर मिळते. समजा गाडीला पुढे १४ आणि मागे ४२ दात आहेत, गुणोत्तर ३.०० झाले. पुढे १३ केले तर ते ३.२३ होते, म्हणजे मागच्या चाकाला मिळणारा जोर सुमारे पावणेआठ टक्के वाढतो आणि तेवढ्याच फेऱ्यांवर गाडी त्याच प्रमाणात हळू चालते. मागे ४५ केले तर ३.२१ होते. याचा अर्थ पुढचा एक दात कमी करणे हे मागचे तीन दात वाढवण्याच्या जवळपास बरोबरीचे आहे.

पुढचे स्प्रॉकेट स्वस्त असते आणि लवकर बदलता येते. परंतु लहान स्प्रॉकेटवर चेन अधिक तीव्र वाकते, त्यामुळे दोन्ही लवकर झिजतात, आणि चेन स्विंगआर्मवरच्या (मागचे चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) रबरी पट्टीला अधिक घासते. म्हणून आमचे मत असे आहे की पुढे एकाच दाताची घट करावी, आणि तेवढी पुरत नसेल तर पुढचे मूळ ठेवून मागचे वाढवावे. पुढचे नवे स्प्रॉकेट बसवताना त्याची लॉक प्लेट किंवा वाकवलेला वॉशर जुनाच वापरू नये.

चेनच्या लांबीचाही विचार आधी करावा. स्प्रॉकेटचा एक दात बदलला की चेनची साधारण अर्धी कडी कमी-जास्त लागते आणि मागचा ॲक्सल पाव कडीइतका सरकतो. ५२० मापाच्या चेनमध्ये एक कडी १५.८७५ मिलिमीटरची असते. म्हणजे पुढचा एक दात कमी केल्यास ॲक्सल सुमारे ४ मिलिमीटर मागे जातो, आणि मागचे तीन वाढवल्यास सुमारे १२ मिलिमीटर पुढे येतो. ॲडजस्टरवर तेवढी जागा नसेल, तर वेगळ्या लांबीची चेन घ्यावी लागते.

९. स्प्रॉकेट बदलल्याने मायलेज, स्पीडोमीटर किंवा एबीएस बिघडते का?

महामार्गावर तोच वेग राखण्यासाठी इंजिन अधिक फेरे घेते, त्यामुळे तेथे पेट्रोल काहीसे जास्त लागते आणि कमाल वेग घटू शकतो. मुंबई-गोवा महामार्गावरच रोज धावणाऱ्या गाडीला हा बदल करू नये. वेगाची नोंद चाकावरून होत असेल तर स्पीडोमीटर बरोबरच राहतो. ती गियरबॉक्सकडून होत असेल तर काटा प्रत्यक्षापेक्षा जास्त वेग दाखवतो आणि किलोमीटरही जास्त मोजले जातात. एबीएसचे सेन्सर चाकांवर असतात, त्यामुळे त्यावर परिणाम होत नाही.

१०. चेन किती सैल ठेवावी? कच्च्या रस्त्यावर ती घट्ट असणे चांगले ना?

घट्ट चेन ही सैल चेनपेक्षा अधिक घातक आहे. मागचे चाक वर-खाली होताना पुढचे स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा खिळा आणि मागचा ॲक्सल एका रेषेत आले की त्यांतले अंतर सर्वांत जास्त होते. चेन त्याच क्षणी सर्वाधिक ताणली जाते. उभ्या गाडीत घट्ट केलेली चेन खड्ड्यात आदळताना गियरबॉक्सच्या बेअरिंगलाच ओढते. आंब्याच्या पेट्या किंवा मासळीचे क्रेट लादून नेणाऱ्या गाड्यांत हा धोका अधिक असतो.

साध्या गाड्यांत खालच्या बाजूच्या मध्यावर चेन एकूण २५ ते ३५ मिलिमीटर वर-खाली व्हावी. चाकाला अधिक वर-खाली होऊ देणारे सस्पेन्शन असलेल्या गाड्यांत हा आकडा मोठा असतो आणि तो बहुधा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर छापलेला असतो. चाक फिरवत चार-पाच ठिकाणी माप घ्यावे आणि जेथे चेन सर्वांत घट्ट लागेल, तेथे हिशेब बसवावा.

११. लाल माती, वाळू आणि समुद्राचे पाणी यांतून आल्यावर चेन कशी स्वच्छ करावी?

त्याच दिवशी करावी. जांभ्याची माती ओली असताना पाण्याने सुटते. वाळल्यावर ऑइलमध्ये मुरून ती पॉलिश पेपरचे काम करते. खारे पाणी लागले असेल तर आधी गोड्या पाण्याने भरपूर धुवावे, मग रॉकेल आणि मऊ ब्रशने कड्या साफ कराव्यात, फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्याव्यात आणि नंतर ९० नंबरचे गियर ऑइल किंवा चेन स्प्रे कड्यांच्या आतील बाजूस लावून वरचे ऑइल पुसून टाकावे. ओ-रिंग (कड्यांच्या सांध्यांत ग्रीस धरून ठेवणारी रबरी वलये) असलेल्या चेनवर पेट्रोल वापरू नये आणि सर्व्हिसिंग सेंटरचा जोरदार फवारा जवळून मारू देऊ नये. या रबरी वलयांच्या आतले मूळ ग्रीस निघून गेले की ते पुन्हा भरता येत नाही. हे काम इंजिन बंद ठेवून, चाक हातानेच फिरवत करावे. इंजिन सुरू ठेवून चेनला फडके लावल्यास बोटे जातात.

१२. चेन आणि स्प्रॉकेट बदलण्याची वेळ आली, हे कसे समजावे?

चेन ताणून धरावी आणि २१ पिनांमधले, म्हणजे २० कड्यांचे अंतर पहिल्या पिनेच्या मध्यापासून शेवटच्या पिनेच्या मध्यापर्यंत मोजावे. ४२८ मापाच्या नव्या चेनमध्ये ते २५४ मिलिमीटर असते, ५२० मध्ये ३१७.५ मिलिमीटर. दोन टक्के वाढ झाली, म्हणजे अनुक्रमे सुमारे २५९ आणि ३२४ मिलिमीटर भरले, की चेन संपली. स्प्रॉकेटचे दात एका बाजूला आकड्यासारखे झुकले असतील, तर मापाची वाटही पाहू नये. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदलावीत. जुन्या दातांवर नवी चेन थोड्याच दिवसांत जुनी होते.

१३. क्लच प्लेटा घरी बदलता येतात का? काय काय तपासावे?

हाताला पान्यांची सवय असेल तर येतात. बहुतेक गाड्यांत क्लच उजव्या बाजूला असतो. गाडी डाव्या बाजूला सुरक्षितपणे आडवी टेकवली, तर ऑइल न काढताही झाकण उघडता येते, मात्र पेट्रोल आणि बॅटरी गळणार नाही याची आधी खात्री करावी. स्प्रिंगांचे बोल्ट एकदम एकेक न काढता, समोरासमोरचे थोडे थोडे सैल करावेत. काढलेल्या प्लेटा ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने स्वच्छ कागदावर मांडाव्यात.

आता प्रत्येक पोलादी प्लेट खिडकीच्या सपाट काचेवर ठेवून तिच्या कडेखाली फिलर गेज (फट मोजण्याची पातळ पट्टी) सरकवावे. निरोगी प्लेट काचेला चारही बाजूंनी टेकते. वाकलेली प्लेट बोटाने दाबली की विरुद्ध कड उचलते आणि काचेवर बारीक टकटक ऐकू येते. निळे-जांभळे डाग उष्णतेचे आहेत. पुस्तिकेतील मर्यादेपेक्षा जास्त वाकलेली प्लेट हातोडीने सरळ करू नये, टाकून द्यावी. घर्षण प्लेटांची जाडी आणि स्प्रिंगांची मोकळी लांबी व्हर्निअरने मोजावी, आणि एक जरी स्प्रिंग बसलेली आढळली तरी सगळा संच बदलावा.

ज्या गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष जाते ती म्हणजे क्लच हाउसिंग, प्लेटा ज्यात बसतात ते भांडे. घर्षण प्लेटांचे कान त्याच्या उभ्या बोटांत बसतात आणि कालांतराने ॲल्युमिनियममध्ये खाचा पाडतात. नव्या प्लेटा त्या खाचांत अडकतात आणि नवे सामान घालूनही क्लच झटके देत पकडतो. नखाला जेमतेम लागणारी खाच बारीक कानशीने गुळगुळीत करता येते. खोल खाचा असतील तर हाउसिंगच बदलावे लागते.

नव्या घर्षण प्लेटा बसवण्याआधी त्याच इंजिन ऑइलमध्ये रात्रभर भिजत ठेवाव्यात. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच चढावर करपतात. स्प्रिंगांचे ६ मिलिमीटरचे बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटरइतक्या हलक्या ताणावर बसतात. जोर लावल्यास ते तुटतात. झाकणाचे गास्केट नवे घालावे आणि शेवटी ढील नव्याने लावावी.

१४. पऱ्या किंवा व्हाळ (ओढा) ओलांडताना इंजिनपर्यंत पाणी आले. क्लचला धोका आहे का?

पाणी आत गेले नसेल तर नाही. झाकण घट्ट असताना पाणी बहुधा इंजिनाच्या श्वासनळीतून किंवा खराब झालेल्या सीलमधून शिरते. गरम इंजिन अचानक थंड पाण्यात गेले की आतली हवा आक्रसून पाणी ओढून घेते. पलीकडे पोहोचल्यावर डिपस्टिक किंवा तपासणीची काच पाहावी. ऑइल दुधाच्या चहासारखे दिसले, तर त्यात पाणी मिसळले आहे. त्या ऑइलवर गाडी चालवू नये. ते काढावे, नवे घालून इंजिन काही मिनिटे मंद चालवावे आणि पुन्हा बदलावे. भरतीच्या वेळी खाडीचे पाणी शिरले असेल तर हे त्याच दिवशी करावे.

पुराचे पाणी वाहत असताना साकवावरून किंवा पऱ्यातून गाडी घालूच नये.

१५. गाडी गावच्या घरी मे महिन्यापासून बंद होती. गणपतीला आल्यावर क्लच ओढूनही चाक फिरत नाही. प्लेटा गेल्या का?

बहुधा नाही, चिकटल्या आहेत. पावसाळाभर दमट हवेत उभ्या गाडीच्या प्लेटांमधले ऑइल सुकत जाते आणि त्या एकमेकींना धरून बसतात. इंजिन बंद ठेवून गाडी दुसऱ्या किंवा तिसऱ्या गियरमध्ये टाकावी, लिव्हर पूर्ण ओढावा आणि गाडी जोरात पुढे-मागे ढकलावी. तेवढ्याने सुटले नाही, तर न्यूट्रलमध्ये इंजिन दहा मिनिटे मंद चालवून ऑइल गरम होऊ द्यावे, इंजिन बंद करून पुन्हा तोच प्रयत्न करावा. अंगणात इंजिन सुरू ठेवून थेट पहिला गियर टाकू नये. प्लेटा सुटलेल्या नसतील तर गाडी उडी मारते. पुढच्या वेळी मुंबईला परतण्याआधी ऑइल बदलून जावे आणि गावात कोणी विश्वासू असेल, तर महिन्यातून एकदा गाडी तापेपर्यंत चालवण्यास सांगावे.

१६. घाट उतरताना न्यूट्रल टाकल्याने क्लचला विश्रांती मिळते, हे खरे आहे का? स्लिपर क्लचने काही फरक पडतो का?

पूर्ण सोडलेल्या लिव्हरवर, गियरमध्ये उतरणाऱ्या गाडीचा क्लच घसरतच नाही. म्हणून त्याला विश्रांतीची गरज नसते. न्यूट्रलमध्ये मात्र सगळा भार ब्रेकवर पडतो, आणि आंबोली, अणुस्कुरा किंवा रघुवीर घाटाच्या ओल्या वळणांवर तापलेले ब्रेक हा जिवाचा प्रश्न आहे. ज्या गियरने चढला असता, त्याच किंवा त्याहून खालच्या गियरमध्ये उतरावे. प्रश्न ८ मधील बदलाचा येथे दुहेरी लाभ होतो, कारण इंजिनाचा रोध त्याच प्रमाणात वाढतो.

हिमालयन ४५० सारख्या नव्या गाड्यांतील स्लिपर क्लच गियर अचानक खाली टाकल्यावर मागचे चाक अडकू नये म्हणून क्षणभर दाब कमी करतो. संथ उतारावरचा इंजिनाचा रोध तो नाहीसा करत नाही. त्याच्यासोबत येणाऱ्या असिस्ट रचनेमुळे लिव्हर हलका असतो. हलका लिव्हर पाहून स्प्रिंगा मऊ पडल्याचा निष्कर्ष काढू नये.

१७. पुळणीवर गाडी चालवताना क्लच फार तापतो. कोणता गियर ठेवावा?

कोरड्या वाळूत प्रत्येक क्षणी चाक रुतत असल्याने क्लचवर चढाइतकाच ताण येतो, आणि सोबत खारी वाळू चेनमध्ये जाते. वेळास, आंजर्ले यांसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे हिवाळ्यात अंडी घालतात आणि पिल्ले उन्हाळ्यापर्यंत बाहेर पडतात. चाकाखाली घरटी चिरडली जातात आणि पडलेल्या चाकोरीत पिल्ले अडकतात. पुळणीवर गाडी घालू नये, असेच आमचे कळकळीचे सांगणे आहे. घरापर्यंतची वाटच वाळूची असेल, तर दुसरा गियर, एकसारखा ॲक्सिलेटर आणि पूर्ण सोडलेला लिव्हर ठेवावा. थांबायचे झाल्यास घट्ट जमिनीवर थांबावे, म्हणजे पुन्हा उचलताना क्लच घसरवावा लागणार नाही.

१८. माझी गाडी जुनी बुलेट, आरएक्स १०० किंवा स्कूटर आहे. हे सारे तिलाही लागू होते का?

जुन्या, ओतीव लोखंडी इंजिनाच्या बुलेटमध्ये क्लच डाव्या बाजूच्या वेगळ्या चेनकेसमध्ये असतो आणि त्याचे ऑइलही वेगळे असते; त्यात चुकीचे ऑइल घातले की क्लच घसरतो, इंजिन ऑइल कितीही चांगले असो. आरएक्स १०० सारख्या दोन स्ट्रोक गाड्यांत क्लच गियर ऑइलमध्ये चालतो, म्हणून पेट्रोलसोबत जळणाऱ्या ऑइलचा त्याच्याशी संबंध नाही. प्रश्न ४ मधील नियम तेथे गियर ऑइलला लावावा. ढील, वायर, स्प्रॉकेट आणि चेनविषयीची उत्तरे दोन्हींना लागू आहेत.

हायड्रॉलिक क्लच असलेल्या गाडीला प्रश्न २ आणि ७ लागू होत नाहीत. तेथे टाकीतील द्रवाची पातळी पाहावी आणि झाकणावर लिहिलेलाच द्रव घालावा. काही क्लचमध्ये ब्रेक फ्लुइड असते, काहींत खनिज तेल. एकाच्या जागी दुसरे घातल्यास आतली रबरे फुगून खराब होतात. ब्रेक फ्लुइड हवेतील ओलावा शोषते, त्यामुळे कोकणच्या हवेत ते साधारण दोन वर्षांनी बदलावे.

स्कूटरमध्ये बेल्ट आणि कोरडा क्लच असतो, त्यामुळे वरील बहुतेक उत्तरे तिला लागू नाहीत. पाण्यातून गेल्यावर स्कूटर ओढेनाशी झाली, तर बेल्टच्या झाकणात पाणी शिरलेले असते. बेल्ट वाळेपर्यंत ॲक्सिलेटर ओढून ती पळवण्याचा प्रयत्न करू नये, आणि झाकण उघडून आतील गाळ गॅरेजमध्ये साफ करून घ्यावा.